कॅरिबियनमध्ये रिटायर व्हायचंय? आधी एक अख्खा सप्टेंबर तिथं काढा

दर जानेवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून कंबर धरली की आमच्या न्यू जर्सीच्या मंडळात संक्रांतीच्या कार्यक्रमाला कोणीतरी हा विषय काढतंच, की आता पुरे झालं, रिटायर झालो की एखाद्या गरम बेटावर जाऊन राहायचं, समुद्र, नारळ, कमी खर्च वगैरे. मग सगळ्यांच्या माना आमच्याकडं वळतात, कारण आम्ही दोघं गेली सात-आठ वर्षं ह्याच विचारात आहोत आणि बार्बाडोसला तीनदा राहून आलोय. पहिल्यांदा फेब्रुवारीत आठ दिवस फिरायला, मग २०२२ ला सप्टेंबर-ऑक्टोबरमधे सहा आठवडे भाड्याने, मग २०२४ ला जून-जुलैत. पुण्यातून माझ्या मावसभावाचाही फोन येतो की आम्हालाही असं काही करता येईल का. तेच तेच प्रश्न असतात म्हणून जे स्वतः पाहिलंय आणि तपासलंय ते एकदा क्रमाने लिहून काढते.

पायरी १ : "कॅरिबियन" असं ठिकाण नाही, बेट ठरवा

प्रत्येक बेटाचा देश वेगळा, कायदा वेगळा, नाणं वेगळं, दवाखाना वेगळा. त्यामुळे बीचचे फोटो बघून बेट निवडू नका, तुमचा पासपोर्ट कुठला आणि पेन्शन कुठून येणार ह्यावरून निवडा.

अमेरिकेचे सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाले असाल तर पहिलं नाव पोर्तो रिकोचं घ्यायला हवं, कारण तो अमेरिकेचाच भाग, व्हिसा नाही, सोशल सिक्युरिटी म्हणजे सरकारी पेन्शन चालू आणि मुख्य म्हणजे मेडिकेअर, म्हणजे म्हातारपणचा सरकारी आरोग्यविमा, चालतं. ग्रीन कार्डवर बार्बाडोस किंवा दुसऱ्या कुठल्या देशात सलग सहा महिन्यांच्या वर राहिलात की परत येताना प्रश्न सुरू होतात, वर्ष उलटलं तर कार्डच धोक्यात, पोर्तो रिकोत ही भानगड नाही. पण तिथं २०१७ च्या मारिया वादळानंतर विजेचं जे काही झालं ते अजून नीट झालेलं नाही, २०२४ च्या ३१ डिसेंबरला जवळजवळ अख्खं बेट अंधारात होतं, आणि रोजच्या जगण्याची भाषा स्पॅनिश.

त्रिनिदादला गेलात तर परकं वाटणार नाही. ३० मे १८४५ ला फातेल रझाक नावाच्या जहाजातून पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले भारतीय मजूर, तिथं उतरले, आज लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून जास्त लोक भारतीय वंशाचे आहेत, दिवाळीला सरकारी सुट्टी असते, आणि कारापिचैमा गावात दत्ताचं देऊळ आहे, आवारात ८५ फुटी मारुती. पण गुन्हेगारी खूप वाढलीय, २०२४ मधे सहाशेच्या वर खून झाले आणि वर्षअखेरीस आणीबाणी लावावी लागली. साठी उलटलेल्या जोडप्याला मी तरी कायमचं राहायला तिथं जा म्हणणार नाही, भेट द्यायला जरूर जा.

डॉमिनिका हिरवंगार, नद्या-धबधबे, अगदी आपलं आंबोलीच, पण मारियाने त्या एका रात्रीत देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त नुकसान केलं होतं हे लक्षात ठेवा.

बार्बाडोस आम्ही का निवडलं, तर भाषा इंग्रजी, नळाचं पाणी पिता येतं, कायद्याचं राज्य, बेट जरा पूर्वेला एकटं असल्याने वादळांचा थेट फटका त्यामानाने कमी बसतो, आणि न्यू यॉर्कहून साधारण पाच तासांची थेट फ्लाइट. ३४ किलोमीटर लांब, २३ किलोमीटर रुंद, पावणेतीन लाखांच्या आसपास माणसं, एवढाच जीव. यूकेत असणाऱ्यांसाठी आणखी एक, तिकडची स्टेट पेन्शन बार्बाडोसमधे राहिलं तरी दरवर्षी वाढत राहते, त्रिनिदादला गेलात तर ती गोठते. कॅनडावाल्यांनी बघायचं ते हे की अठराव्या वर्षानंतर कॅनडात २० वर्षं भरली असतील तर ओएएस, म्हणजे तिथली सरकारी वृद्धापकाळ पेन्शन, बाहेरही कायम मिळतं.

पायरी २ : तिथं राहायचा हक्क कुठल्या कागदावर

फिरायला जाणं आणि राहणं ह्यात फार फरक आहे. भारतीय पासपोर्टवर थोड्या मुक्कामासाठी बार्बाडोसला आधी व्हिसा काढावा लागत नाही, हे ऐकून लोक खूश होतात, पण भारतातून थेट विमान नाही, लंडन किंवा अमेरिकेवरून जावं लागतं आणि तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो, तिकीट काढण्याआधी ते बघा.

अजून काम करत असाल, म्हणजे घरून लॅपटॉपवर, तर "वेलकम स्टॅम्प" नावाचा परवाना आहे. जुलै २०२० मधे सुरू झाला, १२ महिन्यांचा, वर्षाला किमान ५०,००० यूएस डॉलर उत्पन्न दाखवावं लागतं, फी एकट्याला २,००० आणि कुटुंबाला ३,००० डॉलर, आणि त्या काळात बार्बाडोसचा इन्कम टॅक्स लागत नाही. दोघांपैकी एक रिटायर आणि एकाची अजून तीन-चार वर्षं शिल्लक अशा जोडप्याला ट्रायल घ्यायला हा सगळ्यात चांगला रस्ता आहे.

कायम राहायचं असेल तर "स्पेशल एंट्री अँड रिसाइड परमिट" असतं, तिथं मालमत्ता असलेल्या किंवा मोठी संपत्ती असलेल्या लोकांसाठी, साठीच्या आत आणि साठीच्या वर असे वेगळे नियम. अटी आणि फी बदलत राहतात म्हणून आकडा थेट त्यांच्या इमिग्रेशन खात्याकडूनच लेखी घ्यायचा, कोणाच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवरून नाही, माझ्या ह्या लेखावरूनही नाही.

आता पासपोर्ट विकणाऱ्या एजंटांबद्दल, कारण भारतातून येणाऱ्या दहा फोनपैकी सात ह्याचेच असतात. डॉमिनिका, ग्रेनाडा, अँटिग्वा, सेंट किट्स आणि सेंट लुसिया हे पाच देश गुंतवणुकीवर नागरिकत्व देतात, २०२४ पासून कमीत कमी २ लाख यूएस डॉलर आणि काही ठिकाणी त्याहून जास्त. बार्बाडोस देत नाही. ते घेतलंत की भारताचं नागरिकत्व जातं, आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, मग पासपोर्ट सरेंडर, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड), शेतजमिनीचे नियम, सगळं मागं लागतं. आणि ज्या "व्हिसा फ्री" यादीच्या जोरावर विकतात ती यादीही कायमची नसते, यूकेने जुलै २०२३ मधे डॉमिनिकाच्या पासपोर्टवर व्हिसा लावला. म्हातारपणी निवांत राहायला ह्याची गरज नाही.

पायरी ३ : सप्टेंबर

हीच पायरी मला खरंतर सगळ्यात आधी लिहायची होती. फेब्रुवारीत बार्बाडोसला जाऊन "इथंच राहायचं" असं वाटलं नाही असा माणूस विरळा. पूर्वेकडून वारा चालू असतो, ऊन असतं पण टोचत नाही, समुद्र काचेसारखा, रात्री बारीक बेडूक शिट्टी मारल्यासारखे ओरडतात, झोप लागते. आम्हीही त्या आठ दिवसांत घरांच्या जाहिराती बघायला लागलो होतो आणि आमच्या ह्यांनी तर एका एजंटला फोनही लावला होता.

सप्टेंबरला गेलो तेव्हा बेट तेच होतं पण वारा पडलेला होता. सकाळी आठ वाजता घामाने ब्लाउज पाठीला चिकटलेला. दुपारी एक सर यायची, मग दमट, मग डास, आणि तिथं डेंग्यू आहे बरं का. पूर्वेच्या किनाऱ्यावर सार्गासम नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ ढिगाने येऊन पडलेलं, २०११ पासून हे सुरू झालंय, ते कुजायला लागलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि घरातल्या चांदीच्या, पितळेच्या वस्तू काळ्या पडतात. माझी देवाची समई चार दिवसांत काळवंडली, चिंचेने घासली, परत काळी. टूरिस्ट नसल्याने निम्मी हॉटेलं बंद, त्यामुळे जेवायला बाहेर जायचं तर मोजक्याच जागा. तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं एकमेकांवर चिडायला लागलो, कारण जाणार कुठं, बेट दोन दिवसांत गाडीने फिरून संपतं.

पण पाचव्या आठवड्यात काहीतरी बसलं. भाजीवाली नावाने नाही पण चेहऱ्याने ओळखायला लागली, बसमधे कोण कुठं उतरतं ते कळायला लागलं, हे रोज पहाटे पाचला पोहायला जायला लागले तिथं त्यांना दोन निवृत्त शाळामास्तर भेटले, क्रिकेटवर तासभर गप्पा. म्हणून सहा आठवडे म्हणतेय, तीन आठवड्यांत उत्तर कळत नाही, तिसरा आठवडा सगळ्यात वाईट असतो आणि त्याच आठवड्यात परत आलात तर चुकीचं उत्तर घेऊन याल.

पायरी ४ : वादळाचा हिशोब

सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर. बार्बाडोसला चक्रीवादळ येतच नाही असं तिथले जुने लोक सांगायचे, १९५५ च्या जॅनेटनंतर थेट २०२१ ला एल्सा आलं तेव्हा ते बोलणं बंद झालं. त्याच वर्षी एप्रिलमधे शेजारच्या सेंट व्हिन्सेंटचा ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख इकडे सगळ्या घरांवर पडली होती.

२९ जून २०२४ ला बार्बाडोसच्या केन्सिंग्टन ओव्हलवर आपण सात धावांनी टी-२० वर्ल्ड कप जिंकला आणि मग टीम तिथं अडकून पडली, ४ जुलैला दिल्लीला पोचली आणि संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर ती गर्दी, हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. टीम अडकली ते बेरिल वादळामुळे, आणि आम्ही त्याच आठवड्यात वर्थिंगला भाड्याच्या फ्लॅटमधे होतो. फायनलच्या दुसऱ्याच दिवशी पेट्रोल पंपावर रांगा, दुकानात पाण्याच्या बाटल्या संपल्या, घरमालक दुपारी येऊन खिडक्यांना बाहेरून शटर लावून गेला. शटर लागली की घर दिवसाढवळ्या काळोखं होतं आणि आतली हवा कोंडते, ह्याची मला कल्पना नव्हती. सगळी पातेली, बादल्या, बाथटब भरून ठेवले, फ्रीजर पूर्ण खाली केला, कणिक जास्तीची मळून पोळ्या करून ठेवल्या, औषधं आणि पासपोर्ट झिपलॉकमधे. रात्रभर वाऱ्याचा आवाज लोकलमधे दारात उभं राहिल्यासारखा, सारखा, न थांबता. १ जुलैला सकाळी वादळ दक्षिणेकडून निघून गेलं, आमची वीज काही तास गेली एवढंच, पण राजधानी ब्रिजटाऊनच्या मासेमारी बंदरात बोटी एकमेकींवर आदळून फुटल्या होत्या, आणि तेच वादळ पुढं ग्रेनाडाच्या कारियाकू बेटावर गेलं तिथं जवळजवळ एकही घर धड राहिलं नाही. थोडक्यात वाचलो ते अंतर फार मोठं नव्हतं.

तेव्हा घर बघताना छप्पर कशाचं, शटर आहेत का, पाण्याची टाकी आहे का, घर समुद्रापासून किती उंचावर, हे किचनच्या आधी विचारा. विम्याच्या पॉलिसीत वादळाचं डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, वेगळं असतं आणि ते घराच्या विम्याच्या रकमेच्या टक्क्यांत असतं, नुकसानीच्या नाही, ती ओळ स्वतः वाचा.

पायरी ५ : कुठल्या किनाऱ्याला, कसलं घर

पश्चिम किनारा, होलटाऊन वगैरे, श्रीमंतांचा, सोडून द्या. पूर्वेचा बाथशेबा बाजूचा किनारा दिसायला वेड लावतो पण अटलांटिकची खारी हवा एसी, फ्रीज, बिजागऱ्या सगळं खाऊन टाकते. नव्या माणसाने दक्षिणेला, हेस्टिंग्स ते ओइस्टिन्स ह्या पट्ट्यात घ्यावं, बस, दुकानं, दवाखाने जवळ. आम्ही दोन बेडरूमला महिना १,८०० यूएस डॉलर दिले, एसीचं बिल वेगळं, आणि वीज महाग आहे. जाहिरातीतला आकडा कुठल्या डॉलरचा ते आधी विचारा, बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे एक यूएस डॉलर, १९७५ पासून हाच भाव बांधलेला आहे, आणि भाडी कधी ह्यात कधी त्यात लिहिलेली असतात.

विजेचं एक सांगते. तिथं ११५ व्होल्ट पण ५० हर्ट्झ. भारतातला मिक्सर ट्रान्सफॉर्मरशिवाय चालणार नाही हे उघड आहे, पण अमेरिकेतलं सामानही जसंच्या तसं नीट चालतं असं नाही. माझं जुनं प्लगवालं गजराचं घड्याळ घेऊन गेले होते, रात्री दहाला बरोबर लावलं आणि सकाळी सहाला ऊन आलं तेव्हा ते चार चाळीस दाखवत होतं. तीन दिवस मला वाटत होतं घड्याळ बिघडलं, मग ह्यांनी सांगितलं की ते ६० हर्ट्झवर मोजायला केलेलं आहे, तासाला दहा मिनिटं मागं पडणारच. मोटरवाल्या वस्तू नेण्याआधी मागचं लेबल वाचा, ५०/६० लिहिलंय का बघा.

गाडी उजव्या स्टिअरिंगची, डावीकडून चालवायची, भारतातून आलेल्यांना सोपं. गाड्या आयात करामुळे फार महाग, म्हणून आधी बसने फिरा. निळ्या सरकारी, पिवळ्या मिनीबस आणि पांढऱ्या झेड-आर व्हॅन, झेड-आर म्हणजे आपली वडापच, तेवढंच जोरात गाणं आणि तेवढीच दाटी. आम्ही होतो तेव्हा कुठंही जा, साडेतीन बार्बाडोस डॉलर.

पायरी ६ : स्वयंपाकघर

सुपरमार्केटमधे जवळजवळ सगळं बाहेरून आलेलं, त्यावर १७.५ टक्के व्हॅट आणि ड्यूटी, त्यामुळे न्यू जर्सीच्या सवयीने टोपली भरलीत तर बिल बघून छातीत धस्स होईल. खर्च कमी करायचा तर शनिवारी सकाळी ब्रिजटाऊनच्या चीपसाइड मार्केटला जायचं. मी पहिल्यांदा गेले आणि थांबलेच, कारण समोर नीरफणसाचा ढीग. लहानपणी देवगडला आजी नीरफणसाचे काप तांदळाचं पीठ लावून तव्यावर करायची, ते मी तीस वर्षांत खाल्ले नव्हते. भेंडी, लाल भोपळा, कोनफळ, चिंच, नारळ, अंबाड्याच्या जातीचं एक फळ त्याला ते गोल्डन ॲपल म्हणतात, सगळं आहे. आणि तिथल्या रोजच्या "पीज अँड राइस"मधले पीज म्हणजे आपले तुरीचे दाणे. राष्ट्रीय पदार्थ कू-कू, म्हणजे मक्याचं पीठ भेंडीच्या पाण्यात लाकडी दांड्याने घोटून घोटून शिजवतात, आपल्या उकडीसारखं, बरोबर फ्लाइंग फिश. मासे खाणाऱ्या माणसाची तिथं चैन आहे, शाकाहारी माणसाला घरीच शिजवावं लागेल. डाळी आणि मसाले वर्षाचे बांधून न्या, पण घरचं लोणचं, बिया, रोपं नेण्याआधी कस्टम्सचे नियम बघा.

बाजारात किंवा बसमधे चढताना आधी "गुड मॉर्निंग" म्हणायचं, सगळ्यांना मिळून, मोठ्याने. न म्हणता थेट भाव विचारला तर ते उद्धटपणा समजतात आणि उत्तर तुटक येतं. मला हे पहिल्या आठवड्यात कोणी सांगितलं नव्हतं आणि लोक कोरडे आहेत असं वाटत राहिलं, म्हणायला लागले त्या दिवसापासून सगळं बदललं.

आणि दोन गोष्टी घाईत: मिलिटरी छाप कपडे घालायला बंदी आहे, नातवंडांचेसुद्धा नको. आणि किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं, लहान हिरव्या सफरचंदासारखी फळं, पुष्कळदा खोडाला लाल पट्टा मारलेला, फळ खाऊ नये आणि पावसात त्याच्याखाली उभंही राहू नये, चिकाने अंगावर फोड येतात.

पायरी ७ : दवाखाना, आणि मागं राहणारं माणूस

बेटावर एकच मोठं सरकारी इस्पितळ, ब्रिजटाऊनचं क्वीन एलिझाबेथ हॉस्पिटल, शिवाय काही खाजगी दवाखाने. रोजचं बीपी-शुगर, हात मोडला, ताप आला, ह्याला हरकत नाही. पण हृदयाचं मोठं काम, कॅन्सरचे काही उपचार, असं काही निघालं तर बेटाबाहेर न्यावं लागू शकतं आणि एअर ॲम्ब्युलन्सचा खर्च हजारो डॉलरमधे जातो. म्हणून मेडिकल इव्हॅक्युएशनचा विमा ही चैन नाही. पॉलिसी कोणत्या वयापर्यंत नव्याने देतात, कोणत्या वयानंतर रिन्यू करत नाहीत आणि तुमचा आधीपासूनचा आजार धरतात का, हे तीन प्रश्न ईमेलवर विचारा म्हणजे उत्तर लेखी राहतं.

अमेरिकावाल्यांनो, मेडिकेअर बाहेर चालत नाही. तरीही पार्ट बी, म्हणजे त्यातला डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, बंद करायची घाई करू नका, नंतर परत घ्यायला गेलात तर बाहेर राहिलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागं प्रीमियम दहा टक्क्यांनी वाढतो आणि तो बहुतेकांना कायम भरावा लागतो.

आता जे मला खरंच कळकळीने सांगायचंय ते. आमच्या खालच्या मजल्यावर इंग्लंडहून आलेल्या एक बाई राहायच्या, चौऱ्याहत्तर वर्षांच्या. नवरा-बायको दोघं दहा वर्षांपूर्वी आले, घर घेतलं, सगळं छान, आणि नवरा अचानक गेला. गाडी तोच चालवायचा. बँकेचं खातं त्याच्या नावावर, परमिटमधे मुख्य नाव त्याचं, बिलं कुठली कधी भरायची त्याला माहीत. बाईंना दुपारी चहाला बोलावलं होतं तर त्या पिशवीतून सगळे कागद घेऊनच आल्या, आमच्या ह्यांना म्हणाल्या जरा बघता का ह्यात काय लिहिलंय. तिथंच राहावं तर एकटं, परत जावं तर इंग्लंडमधे आता घर नाही आणि इथलं घर लवकर विकलं जात नाही. समुद्र समोरच होता, पण वर्षभरात एकदाही पाण्यात गेले नाही म्हणाल्या.

त्या रात्री आम्ही आमची सगळी आकडेमोड बाजूला ठेवली आणि एकच प्रश्न घेऊन बसलो, की आपल्यातलं एक गेल्यावर दुसरं इथं राहू शकेल का, आणि नसेल तर किती दिवसांत आणि किती पैशांत परत जाता येईल. हा प्रश्न नवरा-बायकोने एकमेकांना समोर बसून विचारायला जड जातो, आपल्यात तर "अशुभ बोलू नकोस" म्हणून विषयच बंद करतात. पण विचारा. मग त्यातून कामं निघतात: दोघांनाही गाडी चालवता आली पाहिजे, खातं जॉइंट पाहिजे, परमिट आणि भाडेकरार दोघांच्या नावावर, मायदेशी एक खोली तरी परत जायला राखून ठेवलेली, तिथल्या वकिलाकडे तिथल्या कायद्याप्रमाणे केलेलं मृत्युपत्र, आणि दहनाची सोय बेटावर कुठं आहे, नसली तर काय, हेही आधी विचारून ठेवलेलं. मी ह्या वयात डाव्या बाजूने गाडी चालवायला परत शिकले ते ह्याच कारणाने.

पायरी ८ : पैसे आणि घर

परदेशी माणसाला बार्बाडोसमधे घर विकत घेता येतं, शेजारच्या काही बेटांसारखं वेगळं लायसन्स लागत नाही. पण बाहेरून आणलेले पैसे तिथल्या सेंट्रल बँकेत नोंदवून घ्या, नोंद नसेल तर घर विकल्यावर पैसे बाहेर काढताना अडतं. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याचं असंच झालं, त्यांच्या वकिलाने नोंद केलीच नव्हती. स्वतःचा वकील घ्या, विकणाऱ्याचा नको, आणि नोंदीची प्रत हातात आल्याशिवाय फाइल बंद करू नका. अडीच टक्के ट्रान्सफर टॅक्स आणि एक टक्का स्टॅम्प ड्यूटी विकणारा भरतो, कॅपिटल गेन्स टॅक्स आणि वारसा कर नाही. दरवर्षीचा लँड टॅक्स असतो.

भारतातून पैसे न्यायचे तर एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख यूएस डॉलरची मर्यादा, आणि सध्या १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते, तो रिटर्न भरल्यावर वळता होतो पण तोपर्यंत अडकतो. अमेरिकन सिटिझन जगात कुठंही राहिला तरी अमेरिकेचा टॅक्स रिटर्न सुटत नाही, बाहेरच्या खात्यांत मिळून १०,००० डॉलरच्या वर गेलं की एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरायचा.

माझं मत विचाराल तर पहिली तीन वर्षं घर घेऊच नका. आम्ही घेतलेलं नाही. वर्षातले चार-पाच महिने भाड्याने आणि बाकी न्यू जर्सी, असं ठरवलंय, आणि त्या महिन्यांत मुद्दाम ऑक्टोबर ठेवतोय.

पायरी ९ : कागद

जन्मदाखला, लग्नाचा दाखला, पोलिस क्लिअरन्स, पेन्शनची पत्रं, बँकेचे स्टेटमेंट, आणि जे सरकारी दाखले आहेत त्यांवर अपोस्टिल, म्हणजे दाखला खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का. ह्यात सगळ्यात जास्त वेळ आपल्या बायकांच्या नावाने खाल्ला जातो. माझ्या जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. लग्नात सासरी पहिलं नावही बदललं, तांदळात अंगठीने लिहिलेलं तेच पुढं रेशनकार्डावर आलं आणि तिथून पासपोर्टवर. अमेरिकेत आल्यावर मधलं नाव कुठं आहे कुठं नाही. परक्या देशातल्या अधिकाऱ्यासमोर ह्या तीन वेगळ्या बायका असतात आणि त्याचं काही चुकत नाही. आमचं लग्नही तेव्हा रजिस्टर केलेलं नव्हतं, हॉलची पावती आणि पत्रिका एवढाच पुरावा, ते नंतर गावी जाऊन नोंदवून घेतलं, गुरुजींची सही लागते आणि आमचे गुरुजी सुदैवाने हयात होते. महाराष्ट्राच्या राजपत्रात नावबदलाची नोंद करून घ्या, "ही एकच व्यक्ती" असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा, आणि हे काम भारताच्या पुढच्या फेरीतच उरका, कारण ज्यांच्या सह्या लागतात ती माणसं आपल्याहून वयाने मोठी आहेत.